मोठ्यांच्या ‘लाळेऱ्या’ला काय म्हणावे?

मांडवीकाठ
जेवताना आमटी, पेज, चहा अंगावर सांडून कपडे खराब होऊ नयेत म्हणून मोठी माणसे गळ्याशी लावतात त्या कापडाला मराठीत शब्द कोणता? कंपवात किंवा पक्षाघात झालेल्यांच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक करायचे आहे. ‘लाळेरे’ लिहिले तर चालेल का?

तिरफळ
लाळेरे नको. तो शब्द लाळेवरून आला, आणि इथे सांडते ते हुमण, म्हणजे माशांची आमटी. माणसाला काय होते ते तो शब्द चारचौघांत सांगून टाकतो, कापडाचे काम मात्र सांगत नाही. पोर्तुगीजांचा ‘बाबादोर’ही याच वाटेने गेलेला, त्यांच्याकडे ‘बाबा’ म्हणजे लाळ. (घरोघरच्या बाबांनी रागावू नये.) आपल्या गोव्याच्या जुन्या घरांतला ‘गार्दानाप’, म्हणजे जेवणाच्या मेजावरचा हातरुमाल, त्यापेक्षा सभ्य. पण मुळात तो फ्रेंचमधून आला आणि त्याचा अर्थ मेजावरची चादर राखणारा, म्हणजे शर्टाची काळजी त्यालाही नाही.

उंबरठा
‘छातीपोस’ घ्या. पलंगपोस, सरपोस, पायपोस या सगळ्यांतला ‘पोस’ फारसीतला, झाकणारा या अर्थाचा. पलंग झाकतो तो पलंगपोस, ताट झाकतो तो सरपोस. छाती झाकतो तो छातीपोस, ऐकताक्षणी कळतो. ‘सांडपोस’ही सुचला होता, पण त्याला सांडपाण्याचा वास येतो.

सुईदोरा
उंबरठाबाब, शब्द चांगला, पण मापात बसत नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या छातीवर थोडेच पडते, जास्त पडते मांडीवर. ताट मेजावर, तोंड त्याच्यापासून वीतभर मागे, आणि घास त्या मधल्या जागेत सुटतो. म्हणून कापड गळ्यापासून मांडीपर्यंत हवे.

साधारण ७५ × १५० सेंमीचा जाड टॉवेल घ्या. त्यातून ५० × ७५ चे तीन तुकडे निघतात. गळ्याला १५ सेंमी रुंद, १० सेंमी खोल अर्धगोल कापा आणि कडेला गोट लावा. खालची ८ सेंमी दुमडून खिसा केला तर लांबी ६७ उरते, मध्यम बांध्याला पुरते. चाकांच्या खुर्चीसाठी ९० सेंमीचा वेगळा तुकडा घ्यावा. खिसा टॉवेलच्याच कापडाचा केला की आमटी त्यातून झिरपून थेट मांडीवर येते, तेव्हा खिशाला आतून प्लास्टिकचे अस्तर हवेच.

बंद मानेमागे नको, एका खांद्यावर घ्या: दोन टिचबटणे, ४ सेंमी अंतराने, म्हणजे गळा कमी-जास्त करता येतो. मानेमागे वेलक्रो लावला की केस अडकतात. नाडीच्या गाठी ज्याला स्वतः सोडता येत नाहीत, त्याच्या गळ्यात नाडी नको. ठसका लागला तर कापड एका हिसक्यात निघाले पाहिजे.

मांडवीकाठ
मग ‘एप्रन’च का नको? सगळ्यांना माहीत आहे.

सुईदोरा
एप्रनचा पट्टा डोक्यावरून घालतात. हात वर जात नाही त्याला ते जमत नाही, शिवाय चष्मा आणि कानातले यंत्र ओढले जाते. पत्रकात एप्रन लिहिलात तर लोक स्वयंपाकघरातलाच आणतील.

तिरफळ
नाम शोधताय, मला क्रियापद महत्त्वाचे वाटते. लाळेरे ‘बांधतात’, म्हणजे एकाने दुसऱ्याला. पदर, शाल, उपरणे ‘घेतात’, आपले आपण. ‘बाबा, बांधू का?’ आणि ‘बाबा, उपरणं घेताय ना?’ यांत वयाचा मान कुठे राहतो ते ऐकूनच कळेल. म्हणून माझे मत ‘जेवणाचे उपरणे’.

आणि हा शब्द मराठीत आजवर का नव्हता? माझा अंदाज असा: सोवळ्याने जेवणारा सदरा काढूनच पाटावर बसे. उघड्या अंगाला डागाचे भय नाही, धुतले की झाले. मेज आणि शर्ट आले, तेव्हा गरज आली.

उंबरठा
पण उपरणे म्हटले की लांब, खांद्यावरून घसरणारे कापड डोळ्यांपुढे येते.

तिरफळ
येते. म्हणून तर ‘जेवणाचे’ हे विशेषण जोडले. ‘नॅपकिन’ मात्र नक्कीच नको: एक जण हात पुसायचे समजेल, दुसरा औषधांच्या दुकानातले.

सुईदोरा
नाव काहीही ठेवा, पत्रकात धुण्याचे लिहाच. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, कारण हळदीचा रंग साबणातल्या क्षाराने पालटतो. घाबरून घासत बसू नये. खळबळून उन्हात टाकला की डाग फिका होतो, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. सोलकढीचा डाग साबणाने निळसर-करडा पडतो, म्हणून आधी नुसत्या थंड पाण्याखाली धरा. कपडे मऊ करणारे द्रावण घालू नका. टॉवेलच्या धाग्यांवर त्याचा थर बसतो आणि ते पाणी शोषणे सोडतात.

आता आपल्याकडचा पाऊस. प्लास्टिक शिवून टाकलेला तुकडा जून-जुलैत दोन दिवसांतही वाळत नाही, कुबट वास धरतो. म्हणून अस्तर सुटे, बटणांवर काढता येईल असे. दिवसाला दोन जेवणे धरली तर पावसाळ्यात निदान सहा तुकडे लागतात, उन्हाळ्यात तीन पुरतात.

एक घोटाळा हमखास होतो. घरचे लोक कापडाचे खालचे टोक मेजावर पसरून त्यावर ताट ठेवतात. काहीही सांडले तरी कापडावरच पडते, पण माणूस मागे सरकला की ताट मांडीवर. टोक मांडीवरच राहू द्यावे. रंग गडद तांबडा (मरून) किंवा बारीक फुलांचा, शर्टाला शोभेलसा. पांढरा घेतला तर दोन धुण्यांत पिवळा.

मांडवीकाठ
‘जेवणाचे उपरणे’ घेतो, पहिल्या ओळीत ‘म्हणजेच बिब’ असे एकदाच लिहीन, नाहीतर दुकानात मिळायचे नाही. अनेकवचन ‘उपरणी’ ना?

उंबरठा
हो. सहा उपरणी. सामान्यरूप ‘उपरण्या’: उपरण्याला टिचबटण, उपरण्याचे अस्तर.