प्रदर्शनात मांडलेलं पुस्तक त्याच दिवशी घरी नेता आलं पाहिजे

घाटमाथा:
२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, नाहीतर एखाद्या लेखकाची जयंती. या दिवशी तालुक्याच्या गावांतल्या ग्रंथालयांत प्रदर्शन भरतं. टेबलांवर पांढरी चादर, वर पुस्तकं, प्रतिमेला हार, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन. एखादं पुस्तक उचलून ‘हे नेऊ का?’ विचारलं की उत्तर येतं, ‘प्रदर्शन संपल्यावर या.’ तिसऱ्या दिवशी सगळी पुस्तकं पुन्हा कुलपात.

हे बदललं पाहिजे. मांडलेलं पुस्तक तिथल्या तिथे सभासदाच्या नावावर लावून द्यावं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच आहे की पुस्तकं वापरासाठी असतात. माणूस टेबलापाशी थांबला, चाळता चाळता त्यात रमला, यासाठीच तर सगळा खटाटोप असतो. नेमक्या त्या क्षणी त्याला रिकाम्या हाती परत पाठवायचं?

विषयही गावाच्या गरजेचे असावेत. पेरणीच्या तोंडावर बियाणं, पिकाची मुळं खाणारी हुमणी अळी आणि जमिनीच्या कागदपत्रांवरची पुस्तकं, दहावीच्या निकालाच्या आठवड्यात पुढच्या वाटांवरची. दारातल्या एका टेबलावर पंधरा-वीस पुस्तकं पुरेत. एक गेलं की त्या जागी दुसरं ठेवायचं आणि महिनाभर हे चालू ठेवायचं.

दाखल क्रमांक:
मी ‘क’ वर्गाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. मदतीला एक शिपाई, बस्स. बहुतेक पुस्तकांची एकच प्रत असते. सकाळी दिली तर दुपारी टेबल रिकामं, मग चार वाजता शाळेची मुलं आली की त्यांना काय दाखवू? उघड्यावरचं पुस्तक गहाळ झालं तर वार्षिक मोजणीत उत्तर मला द्यावं लागतं. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने मान्यता आणि अनुदान आलं, त्याबरोबर तपासणीही आली. तपासणीला कार्यक्रमाची नोंद आणि फोटो लागतात. टेबलावरून किती पुस्तकं घरी गेली, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

घाटमाथा:
टेबल दुपारी रिकामं झालं तर माझ्या लेखी ते प्रदर्शन उत्तम झालं. गेलेल्या पुस्तकाच्या जागी पुठ्ठा ठेवा. त्यावर पुस्तकाचं नाव, परतीची तारीख आणि खाली नंबर लावायला जागा. पुस्तक कुणीतरी वाचायला नेलंय, हे मुलांनाही दिसू दे. गहाळ होण्याची भीती खरी आहे. पण त्याच भीतीपायी आपण कपाटं बंद ठेवली, आणि वाचकावर नुसत्या यादीतल्या नावावरून पुस्तक मागायची वेळ आली. हे नुकसान कुठल्याच मोजणीत येत नाही.

जुन्नरी कागद:
सगळीच पुस्तकं देवघेवीची नसतात, हे दोघांच्याही बोलण्यात सुटलंय. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं. अशा जुन्या संस्थांकडे पोथ्या असतात, १८६७पूर्वीची दोलामुद्रितं, म्हणजे मराठी छपाईच्या सुरुवातीच्या काळातली पुस्तकं असतात, मासिकांच्या जुन्या फायली असतात. त्या लोकांना दाखवायलाच हव्यात, पण घरी देता येणार नाहीत.

आणि दाखवतानाही काळजी हवी. जुन्या कागदासाठी जगभरची संग्रहालयं साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) एवढा मंद उजेड ठेवतात, कारण उजेडाने झालेली इजा साठत जाते, ती भरून येत नाही. आपल्याकडे मात्र नेमकं खिडकीजवळचं टेबल निवडतात. पुस्तक सपाट उघडून ठेवलं तर शिवण उसवते, म्हणून दोन्ही बाजूंना उशी द्यावी. बरं, जुनं तेवढं नाजूक असंही नाही. हातकागदावरची पोथी दोनशे वर्षं टिकते, तर १९४०च्या आसपासचं लाकडाच्या लगद्याच्या कागदावरचं मासिक बोट लागताच तुटतं. म्हणून मूळ प्रत थोडे दिवस मांडावी, एरवी चांगली छायाप्रत.

निंबोणी:
आमच्या वाचनालयाने एकदा स्वातंत्र्याच्या आसपासची देवघेव नोंदवही मांडली होती. कोण काय वाचत होतं ते तारखेनिशी. एरवी कधी न फिरकणारी माणसं आजोबांचं नाव शोधायला आली. एका आजींना स्वतःच्या आईची सही सापडली. आईला लिहिता येत होतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मग लोकांनी तीच पुस्तकं मागितली, आणि जी शिल्लक होती ती लगेच दिली. सजावटीला एक पैसा लागला नाही.

दाखल क्रमांक:
हे मला मान्य नाही. कुणी काय वाचलं ही वाचकाची खासगी गोष्ट आहे. लहान गावात नाव पाहिलं की घर कळतं. माझ्या नोंदवहीतलं असं काही मी बाहेर येऊ देणार नाही, मग ते किती का जुनं असेना.

निंबोणी:
तुमचा मुद्दा पटतो. पण नावं झाकली असती तर त्या आजींना आईची सही दिसली नसती. घरच्यांना विचारून मांडता येईल.

खिडकीजवळची जागा:
मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. प्रदर्शन लागलं की आमची अभ्यासिका तीन दिवस बंद. पूर्वपरीक्षा तोंडावर असताना टेबलं उचलली, आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसून अभ्यास केला. कारण काय, तर लोकांना ग्रंथालयाकडे वळवायचंय! आम्ही रोज सकाळपासून त्याच इमारतीत असतो, आम्हाला कोण वळवणार? अभ्यासिकेची फी वेगळी, पुस्तकांची वर्गणी आणि अनामत वेगळी, त्यामुळे आमच्यातले बहुतेक जण कपाटापर्यंत पोचतच नाहीत. आधी ती दोन सभासदत्वं एक करा. मग दारातल्या टेबलावर खुशाल काहीही मांडा.

घाटमाथा:
अभ्यासिका बंद करून भरवलेल्या प्रदर्शनाला माझाही विरोध आहे. वर्गणी एक करण्याचा मुद्दा तर माझ्या मुद्द्याच्याही आधी यायला हवा.

दाखल क्रमांक:
वर्गणीचा निर्णय कार्यकारी मंडळाचा. पुढच्या सभेत विषय ठेवतो, एवढं माझ्या हातात आहे. अभ्यासिकेच्या मुलांना महिन्याला निदान एक पुस्तक विनाअनामत द्यावं, असं मी सुचवेन. पुठ्ठ्याची पद्धत दोन प्रती असलेल्या पुस्तकांपुरती करून बघतो. एकच प्रत असेल तर ती प्रदर्शन संपेपर्यंत टेबलावरच राहील, यावर मी ठाम आहे.