क्लॅम्पवरचा गंज आणि सुकलेलं फेव्हिकॉल कसं काढायचं?

शेडमधला_सुतार
नमस्कार मंडळी, रत्नागिरीजवळ राहतो, घरामागच्या शेडमध्ये सुतारकाम करतो. वडिलांच्या वेळचे, फळ्या आवळून धरायचे जी-क्लॅम्प आणि एफ-क्लॅम्प (लांब पट्टीवर जबडा सरकतो ते) आहेत, पावसाळा संपल्यावर काढले तर पट्ट्यांवर लाल गंज, त्यावर जुन्या फेव्हिकॉलचे टणक गोळे, सरकता जबडा मध्येच अडकतो आणि आटे फिरवताना करकरतात. त्यात परवा बाभळीच्या फळ्या जोडल्या तर पट्टी टेकली होती बरोब्बर तिथे काळानिळा डाग. रॉकेलमध्ये बुडवू की सरळ ग्रीस थापू?

पटाशी_रंधा
दादा पट्टीला ग्रीस अजिबात नको!! एफ-क्लॅम्पचा जबडा जरा तिरका होऊन पट्टीला धरतो, सगळी पकड त्या घर्षणावरच असते, तेलकट झाली की ऐन आवळताना घसरणार आणि तेच तेल लाकडाला लागलं की तिथे पॉलिश धरत नाही. तेल फक्त आट्यांना आणि टोकाच्या फिरत्या टिकलीच्या सांध्यात, शिलाई मशीनचं २-३ थेंब, वरचं पुसून टाका. खोबरेल नको, कालांतराने चिकट होतं.
फेव्हिकॉलवर गरम पाण्याचं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, पांढरट मऊ पडलं की बोथट पटाशीने सोलून निघतं. आट्यातलं तारेच्या ब्रशने.

सागवानी
बाभळीत टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर, म्हणून तर तिची साल कातडी कमवायला वापरतात. ओल्या फेव्हिकॉलमधलं पाणी, लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळं पडणारच, पट्टी चकचकीत असली तरी पडतं. त्यामुळे साफसफाई कराच पण जोडाखाली दुधाच्या पिशवीचा तुकडा ठेवायची सवय लावा, फेव्हिकॉल त्याला चिकटत नाही आणि लोखंडही लाकडाला लागत नाही. पडलेला डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने जातो, विषारी आहे, हातमोजे घाला आणि नंतर लाकूड स्वच्छ पाण्याने पुसा.
गंजाला साधं व्हिनेगर. सुटे होणारे भाग रात्रभर बुडवा, सकाळी ब्रशने घासा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच कोरडे करून उन्हात, ओले राहिले तर तासाभरात परत तांबूस होतात.

शेडमधला_सुतार
दुधाच्या पिशवीचं भारीच, आजच करतो. माझ्याकडे जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपवाले क्लॅम्प पण आहेत, तेही व्हिनेगरमध्ये चालतील का?

सागवानी
नको नको, त्यावरचा जस्ताचा थर व्हिनेगर खाऊन टाकेल. पाइप नुसता गरम पाण्याच्या फडक्याने पुसा.

पटाशी_रंधा
आणि कोरड्या पट्टीवर मेणबत्ती अगदी हलकी फिरवून कापडाने चोळून घ्या, पातळ थर राहिला पाहिजे, जाड लागला तर जबडा घसरेल. पावसाळ्यात क्लॅम्प सिमेंटच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, लाकडी पट्टीवर टांगा.