मेगाराच्या माणसाला कुठली बोली देऊ?

मलप्रभाकाठची:
जुना ग्रीक नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिस, त्याच्या 'अकार्नियन्स' या विनोदी नाटकातला (इ.स.पू. 425) एक प्रवेश आम्ही बेळगावजवळच्या खानापुरात बसवतोय. युद्धामुळं उपाशी मरायला टेकलेला, अथेन्सशेजारच्या मेगारा गावचा माणूस आपल्या दोन पोरी डुकराची पिल्लं म्हणून अथेन्सवाल्याला विकतो. मूळ ग्रीकमध्ये तो वेगळी, डोरियन बोली बोलतो. म्हणून त्याला बेळगावी मराठी दिली, अथेन्सवाल्याला पुस्तकी. तालमीत सगळे हसतात आणि मला ते बघवत नाही. एका स्पर्धेत माझ्या बेळगावी 'खरं' (म्हणजे 'पण') आणि 'की'वर प्रेक्षक हसले होते, प्रसंग रडायचा होता. परक्याची बोली ग्रीक फक्त हसण्यासाठीच वापरायचे का?

निपाणीचा मास्तर:
हसायचे की, ताई. खरं सगळ्यांना सारखं नाही. मेगारावाल्याची बोली मोडकी नाही, त्याच्या गावात बोलतात तशीच आहे. पोरींच्या बदल्यात त्याला काय मिळतं बघा: लसूण आणि मीठ. हा मेगाराचाच माल! निपाणीच्या माणसानं पोर विकून तंबाखू आणावी, तसं झालं. तिथं नटाला जरा थांबू द्या.
त्याच्याच 'थेस्मोफोरियाझुसाई' नाटकातला (इ.स.पू. 411) सिथियन, म्हणजे काळ्या समुद्रापलीकडचा, शिपाई मात्र नुसती नक्कल आहे. अथेन्समध्ये असे तिरंदाज सरकारी गुलाम असायचे, बंदोबस्ताला. त्याच्या तोंडी लिंगं उलटीपालटी, महाप्राण ('ख', 'थ' यांतला 'ह') गायब. ते हसू मला नको वाटतं.

शहापूरचा मागवाला:
मास्तर, लिंगांचं वाचून चरकलो. माझा मागावरचा जोडीदार कन्नड. त्यांच्यात निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, म्हणून तो 'गाडी आलं' म्हणतो. गणपतीच्या नाटकात हीच नक्कल करून मी टाळ्या घेतल्यात, तो पुढं बसलेला असताना. आता करणार नाही.

निपाणीचा मास्तर:
ताई, एक राहिलंच. अथेन्सवाला बोलायचा ती प्रेक्षकांची स्वतःची बोली. तुमचे प्रेक्षक खानापूरचे. मग बेळगावी मराठी गिऱ्हाइकाला द्यायला पाहिजे, विकणाऱ्याला नाही.

मलप्रभाकाठची:
मास्तर, हे सुचलंच नव्हतं! म्हणजे आपण उपाशी माणसाच्या जागी नाही, लसूण देणाऱ्याच्या जागी. आमच्यात एक पोरगा चंदगडचा आहे. मेगारावाला चंदगडी बोलेल, खरं संवाद मी लिहिणार नाही, तोच आईला विचारून लिहील. अथेन्सवाल्याचं काम मी करते.