झेरॉक्सच्या दुकानातलं आधार कार्ड

आधार कार्डाची कॉपी कुणालाही देताना लोक म्हणतात, आपण साधी माणसं, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय, ते मला अजिबात पटत नाही. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी २०१७ मध्येच एकमताने सांगितलंय, साधी माणसं त्यातून वगळलेली नाहीत.

मागच्या महिन्यात आईच्या पेन्शनच्या कामासाठी झेरॉक्स काढायला गेले, दुकानदार म्हणाला व्हॉट्सॅपवर टाका ताई, लगेच प्रिंट देतो, आणि त्याने डाउनलोडचा फोल्डर उघडला तर स्क्रीनवर ओळीने लोकांची आधार कार्डं, पॅन, कुठल्या तरी मुलीची दहावीची मार्कशीट, कोणाचं तरी पासबुकचं पहिलं पान. सगळं उघडं! त्या माणसाच्या मनात काही वाईट नसेलही पण त्या कॉम्प्युटरवर दिवसभर कोणीही येऊन बसतं हो. पोटात गोळाच आला माझ्या.

तेव्हापासून मी शक्य तिथे मास्क्ड आधारच देते, आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून डाउनलोड होतं, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. प्रिंट झाली की समोरच फाइल डिलीट करायला लावते, रिसायकल बिनमधूनसुद्धा.

आणि आईबाबांच्या आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, आजच लॉक करा. आधारवर अंगठा लावून पैसे काढायची जी सोय आहे ना, तिथे ओटीपी लागत नाही, आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात. लॉक असलं की ठसा चालतच नाही, आपल्याला लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. फक्त नोव्हेंबरात हयातीचा दाखला अंगठ्याने देणार असाल तर त्याआधी अनलॉक करून ठेवा, नाहीतर म्हाताऱ्या माणसांना उगाच हेलपाटा.