इंडिपेन्डन्ट कॉमिक्सला 'स्वतंत्र चित्रकथा' म्हणावं का?

तिरपी रेघ :
इंडिपेन्डन्ट आणि अल्टरनेटिव्ह, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर निघणाऱ्या आणि नेहमीपेक्षा वेगळ्या कॉमिक्सवरचा एक लेख मराठीत करतेय आणि शीर्षकातच अडकलेय. मी लिहिलं 'स्वतंत्र चित्रकथा'. ज्यांना कच्चा खर्डा वाचायला दिला त्यांनी समासात लिहून पाठवलं की पर्सेपोलिस हे कॉमिक्स मूळ फ्रेंच ना, मग ते स्वतंत्र कसं? आणि हे खोडता येत नाही, कारण आपल्याकडे 'ही स्वतंत्र कादंबरी आहे' म्हटलं की ती अनुवाद नाही, रूपांतर नाही, एवढाच अर्थ निघतो. मला म्हणायचंय ते वेगळंच. फ्रान्समधे लासोसिआसिओं हे प्रकाशन १९९० साली चित्रकारांनीच एकत्र येऊन काढलं, कारण मोठ्या प्रकाशकांना तोच जाड पुठ्ठ्याचा, ठरावीक पानांचा रंगीत अल्बम हवा असायचा. मारजान सत्रापीचं काळंपांढरं पर्सेपोलिस त्यांनी २००० ते २००३ मधे चार भागांत छापलं. हे सगळं 'स्वतंत्र'मधे येतच नाही. 'पर्यायी' लिहू का? तुम्ही बोलताना काय म्हणता?

अनुस्वार :
स्वतंत्रच ठेवा. स्व अधिक तंत्र, ज्याचा कारभार स्वतःच्या हातात तो स्वतंत्र, उलट परतंत्र. 'दुसऱ्याच्या तंत्राने वागणं' हा प्रयोग अजून घराघरात जिवंत आहे. तुम्हाला नेमकं हेच म्हणायचंय ना, की हे चित्रकार कंपनीच्या तंत्राने चालत नाहीत? शब्दाचा एक अर्थ वापरून वापरून पुढे आला म्हणून दुसरा टाकून द्यायचा नसतो, आपणच सोडला तर तो कायमचा गेला.

कागदकापू :
अर्थ बरोबर असेल हो, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात दुसराच उमटत असेल तर काय उपयोग. आमच्या ग्रुपमधे सगळे सरळ इंडी म्हणतात. पण मला त्याहून मोठी अडचण दिसतेय ती ही की इंडिपेन्डन्ट आणि अल्टरनेटिव्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण एकच शब्द शोधतोय. जेफ स्मिथने बोन हे कॉमिक्स १९९१ पासून स्वतः छापायला घेतलं, २००४ पर्यंत ५५ अंकांत पूर्ण केलं, म्हणजे पक्कं इंडी, पण आत ड्रॅगन, हरवलेलं राज्य, लढाया, एकदम सरळ साहसकथा. इमेज कॉमिक्स १९९२ मधे मार्व्हलमधून बाहेर पडलेल्या चित्रकारांनी काढली, हक्क ज्याचे त्याच्याकडे, तरी त्यांचा स्पॉन शेवटी सुपरहिरोच. आणि उलट टोकाला हार्वी पीकर. हा माणूस क्लीव्हलंडच्या एका सरकारी हॉस्पिटलात फायली लावायचं काम करायचा, चित्र काढता येत नव्हतं म्हणून काड्यांची माणसं काढून खाली संवाद लिहायचा आणि ते कागद रॉबर्ट क्रम्बसारख्या चित्रकारांना द्यायचा, आणि १९७६ पासून पदरचे पैसे घालून अमेरिकन स्प्लेंडर काढायचा. कथा काय, तर दुकानात रांगेत पुढे कोण उभं आहे. तेच अमेरिकन स्प्लेंडर २००६ मधे डीसी या बड्या कंपनीच्या व्हर्टिगो शाखेने छापलं. कथा तशाच, माणूस तोच. मग ते इंडी राहिलं नाही, पण अल्टरनेटिव्ह राहिलंच ना? म्हणजे एक शब्द मालकी सांगतो आणि दुसरा आतला मजकूर. मालकीसाठी आपल्याकडे तयार शब्द आहे, अपक्ष. मार्व्हल आणि डीसी हे दोन पक्ष, त्यांचं तिकीट न घेता उभा राहिला तो अपक्ष.

शाईचा डाग :
अपक्ष बोलायला मस्त आहे पण लेखाच्या शीर्षकात 'अपक्ष चित्रकथा' वाचून लोक निवडणुकीवरचं काहीतरी समजतील. आणि पर्यायी तर अजिबात नको. पर्यायी रस्ता, पर्यायी व्यवस्था, मुख्य गोष्ट मिळत नाही तेव्हाच आपण हा शब्द काढतो. लव्ह अँड रॉकेट्स मी सुपरमॅन मिळाला नाही म्हणून वाचत नाही हो! हर्नांडेझ भावांनी १९८१ मधे पहिला अंक घरचा काढला, पुढच्या वर्षी फँटाग्राफिक्स या प्रकाशनाने मालिका उचलली, आणि त्यातली हाइमे या भावाची मॅगी सुरुवातीला यंत्रं दुरुस्त करणारी पोरगी आहे, मग वजन वाढतं, मैत्रिणी दुरावतात, नोकऱ्या बदलतात, चेहरा भरतो, वाचक म्हातारे होतात तशी तीही होते. हे कशाचा पर्याय आहे? मी 'समांतर' म्हणेन. समांतर सिनेमामुळे कान आधीच तयार आहेत, वेगळं समजवावं लागणार नाही.

जुनी रद्दी :
समांतर रेषा एकमेकींना मिळत नाहीत आणि इथे तर सारख्या मिळतात. आर्ट स्पीगलमनचं माउस हे कॉमिक्स आधी रॉच्या अंकांत तुकड्यातुकड्याने येत होतं, स्पीगलमन आणि फ्रान्स्वाज मूली हे दोघं नवराबायको ते अंक १९८० पासून काढायचे, आणि १९९२ मधे त्याच माउसला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. आता कुठली रेघ कुठे गेली सांगा.

मला आश्चर्य वाटतं की इतका वेळ कुणी लघुअनियतकालिक हा शब्दच काढला नाही. साठच्या दशकात मराठीत अशोक शहाण्यांचं 'असो', राजा ढाल्यांचं 'येरू', नेमाड्यांचं 'वाचा' निघत होतं, प्रस्थापित मासिकं छापणार नाहीत ते आपण छापू, जमेल तेव्हा काढू, पैसे संपले की थांबू. त्याच दशकात तिकडे क्रम्बचं झॅप कॉमिक्स आलं, १९६८, आणि ते त्याने आणि बायकोने सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर बाबागाडीत घालून विकलं. कारण साधं आहे, १९५४ पासून कॉमिक्स कोडचा, म्हणजे कॉमिक्समधे काय चालेल याच्या नियमावलीचा, शिक्का नसेल तर वितरक अंक उचलत नव्हते, तेव्हा ज्यांना त्या शिक्क्याच्या बाहेरचं काढायचं होतं त्यांनी विकण्याची वाटच वेगळी केली. दोन्हीकडची वृत्ती एक आणि साल जवळजवळ एक. आपल्याकडे त्या वृत्तीचं नाव लोकांनी आधीच पाडून ठेवलंय, ते सोडून आपण इंग्रजी शब्दाचा एकेक अवयव का भाषांतरित करत बसलोय? 'अनियतकालिक चित्रकथा' लिहा, ज्याला हे साठोत्तरी साहित्य माहीत आहे त्याला पुढे काही सांगावं लागणार नाही.

तिरपी रेघ :
हे खरंच जवळ जातंय. पण ज्याला साठोत्तरी माहीत नाही त्याचं काय? लेख वाचणारी बरीच मुलं विशीतली आहेत.

अनुस्वार :
आणि शब्दशः बघा, अनियतकालिक म्हणजे ज्याच्या निघण्याचा काळ ठरलेला नाही. डेव्ह सिमने सेरेबस १९७७ मधे सुरू केलं, ३०० अंक काढणार म्हणून जाहीर केलं आणि २००४ मधे तीनशेवा अंक काढून थांबला. इतकं नियत मोठ्या कंपन्यांनाही जमत नाही, आणि स्वतः छापण्याचा त्याच्याइतका कट्टर पुरस्कर्ता दुसरा नाही. त्याला अनियतकालिक म्हणणं अन्याय आहे.

जुनी रद्दी :
अहो पण अनियतकालिक हा शब्द आता वेळापत्रकाचा राहिलाच नाही, तो वृत्तीचा झाला. वर तुम्हीच म्हणालात ना की शब्दाला दोन अर्थ असू शकतात? स्वतंत्रला ती मुभा आणि अनियतला नाही, हे कसं?

उलटं पान :
जपानीत हाच पेच पडला होता तेव्हा त्यांनी नवा शब्दच पाडला हे इथे सांगावंसं वाटतं. कॉमिक्सला ते मांगा म्हणतात, त्या शब्दात गंमतजंमतीची छटा आहे, योशिहिरो तात्सुमीला आपल्या काळोख्या, मोठ्यांसाठीच्या कथांना ते नाव नको होतं म्हणून त्याने १९५७ मधे 'गेकिगा' म्हणायला सुरुवात केली, गेकि म्हणजे नाट्य. पुढे १९६४ मधे गारो मासिक निघालं आणि त्यात योशिहारू त्सुगेसारखे लोक आले, ज्यांच्या कथेत एक माणूस समुद्रातून तुटलेली शीर हातात धरून वर येतो आणि डॉक्टर शोधत गावभर फिरतो, बास, आणि ते वाचल्यावर दोन दिवस दुसरं काही वाचवत नाही. आपल्याकडे 'व्यंगचित्र' मधेही तीच अडचण आहे, म्हणून चित्रकथा शब्द मला चालतो, तो निदान हसायची सक्ती करत नाही.

आणि अमेरिकन अंडरग्राउंडवाल्यांनी, म्हणजे झॅपसारखं काढणाऱ्यांनी, स्पेलिंगमधे शेवटी एक्स घालून आपलं वेगळेपण दाखवलं, ते आपण देवनागरीत कसं दाखवणार? दोन्हीकडे कॉमिक्सच होतं. वाचक म्हणणार, कॉमिक्स आणि कॉमिक्समधे फरक काय?

कागदकापू :
हो ना, आणि मुळात ते कॉमिक्स की ती कॉमिक्स? मी 'एक कॉमिक्स वाचलं' म्हणतो, नपुंसक आणि एकवचन.

अनुस्वार :
एक कॉमिक, अनेक कॉमिक्स. 'एक कॉमिक्स' हे 'एक शूज' म्हणण्यासारखं आहे.

कागदकापू :
मग 'एक शूज हरवला' असंच म्हणतात की लोक! लहानपणी 'वेताळचं कॉमिक्स' हाच प्रयोग होता, 'वेताळचं कॉमिक' मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. मराठीने तो शब्द अखंड उचलला, इंग्रजीचं अनेकवचन इंग्रजीत राहिलं.

शाईचा डाग :
आमच्या घरी 'ती कॉमिक्सं' होती, अनुस्वारासकट, गठ्ठा असेल तेव्हा. एकच असेल तर ते कॉमिक्स. दोन्ही चालवा, यावरून शीर्षक अडलेलं नाही.

खरं तर मला याच लेखातल्या दुसऱ्या शब्दाची काळजी वाटतेय. दोन चौकटींच्या मधली जी पांढरी पट्टी असते, गटर म्हणतात ती, तिला तुम्ही काय लिहिणार? एका ठिकाणी चक्क 'गटार' छापलेलं पाहिलंय आणि मला ते फार लागलं, कारण कॉमिक्सची सगळी जादू त्या पट्टीत आहे. स्कॉट मॅक्लाउडने अंडरस्टँडिंग कॉमिक्समधे, १९९३, दाखवलंय ते आठवा. एका चौकटीत माणसाने कुऱ्हाड उगारलीये, पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि किंकाळी. घाव कुठेच काढलेला नाही. तो त्या मधल्या जागेत पडतो आणि तो आपण, वाचणाऱ्याने घातलेला असतो. त्याला गटार?

जुनी रद्दी :
सांद म्हणा. दोन घरांच्या मधे उरते ती अरुंद जागा, सांदीकोपरा मधली सांद. दोन्ही भिंती दिसतात, आत काय आहे ते दिसत नाही.

तिरपी रेघ :
सांद! घेतला. 'दोन चौकटींमधली सांद' वाचतानाच कळतं.

अनुस्वार :
आणि तो संधीवरून आलाय, त्यामुळे अर्थही नेमका बसतो. त्याच मुळातून सांधा, सांधणं. जागा फट आहे आणि तिथेच जोडही आहे. इंग्रजी शब्दात जोडण्याची ही बाजू नाहीच.

उलटं पान :
पण भीमायनमधे सांदच नाहीये, तिथे काय करणार? दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी बाबासाहेबांची गोष्ट काढली तेव्हा माणसांना चौकोनात कोंबायला सरळ नकार दिला. चौकटींच्या जागी डिग्ना आहेत, परधान गोंड आदिवासी घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात ती नक्षी, ती वळत वळत पानाचे भाग पाडते. संवादाचे फुगेसुद्धा नेहमीचे नाहीत, मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी, मनातल्या विचाराला डोळा. २०११ चं पुस्तक आहे, आणि मला तर वाटतं 'अल्टरनेटिव्ह' हा शब्द त्याला जितका लागू पडतो तितका वर आलेल्या कुठल्याच पुस्तकाला पडत नाही, कारण यांनी प्रकाशक बदलला, विषय बदलला एवढंच नाही तर पान वाचायची रीतच बदलली.

कागदकापू :
मग तिथे बांध म्हणा. सांद रिकामी असते, बांधावर काहीतरी उगवलेलं असतं.

उलटं पान :
नको, त्यांचा डिग्ना हा शब्द आहे तोच ठेवा, त्याला आपलं मराठी नाव कशाला चिकटवायचं?

अनुस्वार :
डिग्ना ठेवा, पटलं. पण मगाचं राहिलंच, सांद हा शब्द संधीवरून आलाय तर लिहिताना 'सांध' लिहायला हवं, द नाही ध.

जुनी रद्दी :
नाही हो. सांधा वेगळा आणि सांद वेगळी. सांदीत पडलेला चेंडू काढायला जातात, 'सांधीत' कुणी जात नाही.