४२९४९६७२९७ च्या अवयवांबद्दल मदत हवी आहे
मंडळी, २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७ वर अडकलोय. गणितज्ञ फर्माला ही मूळ संख्या वाटायची पण नंतरचा गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ × ६७००४१७ असे अवयव दाखवले, भारीच काम! हिच्या कुठल्याही मूळ अवयवाला ६४ ने भागलं की बाकी १ च उरणार हे फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (p मूळ असेल आणि a ला p ने भाग जात नसेल, तर a च्या p−१ व्या घाताला p ने भागून बाकी १ उरते) पटलं. पण १२८ ने भागलं तरी १ च उरते, ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, हे सिद्ध कसं करायचं? ते जमलं तर ६७००४१७ मूळ आहे हे हातानेच तपासता येईल, कारण २५८८ पर्यंतच (म्हणजे साधारण त्याच्या वर्गमुळापर्यंत) जायचंय आणि त्यात १२८ ने भागून १ उरणारे मूळ आकडे अगदी मोजके आहेत. कोणी नीट समजावेल का, हिंट दिली तरी चालेल.