जुन्या काळातल्या ब्रिटिश डिटेक्टिव्ह मालिका: आईसाठी कोणती?

शेवंती_ठाणे
आई ७२ वर्षांची आहे. होम्सच्या कथा तिने मराठीतून कितीतरी वेळा वाचल्यात, पण आता वाचताना डोळे दुखतात. इंग्रजी नीट कळतं. रात्री जेवणं झाली की जेमतेम ५० मिनिटं बसते, मग डोळे मिटायला लागतात. गोष्ट त्याच रात्री संपायला हवी, रक्तपात नको, आणि महिन्याला ३०० रुपयांच्या वर जायचं नाहीये. काय दाखवू?

जुनाकोट
अगाथा ख्रिस्तीचा डिटेक्टिव्ह पॉयरो. डोळे झाकून. डेव्हिड सुशे, १९८९ ते २०१३, एकूण ७० भाग. मी सगळा डीव्हीडी संच घेतला, आठ हजार गेले पण पै न् पै वसूल. त्याचं घर म्हणून जी इमारत दाखवतात ना, ती लंडनच्या चार्टरहाऊस स्क्वेअरमधली फ्लोरिन कोर्ट. मी तिच्यासमोर उभा राहून फोटो काढून आलोय.

मृण्मयी७
आठ हजार? त्यांनी ३०० लिहिलंय.
ताई, आईंना होम्स आवडतो तर जेरेमी ब्रेटचाच दाखवा. ग्रॅनाडा टीव्हीची मालिका, १९८४ ते ९४. एक कथा, एक भाग, पन्नासेक मिनिटं. मूळ मासिकात सिडनी पॅजेटची चित्रं होती, काही प्रसंग हुबेहूब तसेच उभे केलेत. पहिले १३ भाग आधी बघा. पुढे दोन-दोन तासांचे भाग आले, त्यात कथा ताणल्यात. ब्रेटही तेव्हा आजारी होता, बघवत नाही.

अंधेरी_लोकल
डीव्हीडी घेणार असाल तर रीजन बघा, म्हणजे ती कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते त्याचा आकडा! भारताचा ५, ब्रिटनचा २, अमेरिकेचा १. मी अमेरिकेहून संच मागवला, माझ्या प्लेअरवर चाललाच नाही. विक्रेता म्हणाला, पाकीट फोडलंत, आता परत घेणार नाही. अजून राग येतो.

रेडिंगकर
एंडेव्हर कुणीच कसं सुचवलं नाही? तरुण पोलीस मोर्स, १९६५ पासूनचं ऑक्सफर्ड. त्याचा साहेब थर्सडे, त्याला बायको रोज वेगळं सँडविच देते, आणि आज कुठलं असणार ते मोर्स नुसत्या वारावरून सांगतो. थर्सडे झालेल्या रॉजर अॅलमसारखा नट नाही. एकेक भाग दीड तासाचा, पण वेळ कळत नाही.

मृण्मयी७
दीड तास! ५० मिनिटं म्हणाल्यात त्या.

जुनाकोट
आणि १९६५ हा काय जुना काळ झाला? तेव्हा आम्ही शाळेत जात होतो.

रेडिंगकर
पडद्यावर आज नसलेल्या गाड्या, नसलेले टेलिफोन दिसतात. म्हणजे जुनाच काळ.

कोकणकन्या
फॉयल्स वॉर. हेस्टिंग्ज, दुसरं महायुद्ध. खुनाइतकंच बाकीचं बघण्यासारखं: रेशन, पेट्रोलचा काळाबाजार, जर्मन म्हणून नजरकैदेत टाकलेली माणसं. मायकेल किचन एका भुवईत सगळं सांगतो. आमच्या घरी तीनदा झाली. लांबी जास्त आहे, पण दोन रात्रींत करा.

अंधेरी_लोकल
पॉयरो +१. रीजन मात्र बघा.

निशिगंध
मिस मार्पल राहिली. फक्त जोन हिक्सन, बीबीसी, १९८४ ते ९२. ख्रिस्तीच्या मार्पलच्या बाराच्या बारा कादंबऱ्या. आयटीव्ही वाहिनीची नंतरची घेऊ नका. मार्पल नसलेल्या गोष्टींत तिला घुसवलंय आणि एका गोष्टीत तर खुनीच बदललाय. कुठल्या ते सांगत नाही, रसभंग होईल.

रेडिंगकर
आयटीव्हीची मार्पल, जेराल्डीन मॅकएवन, मला आवडते. डोळ्यांत खट्याळपणा आहे.

निशिगंध
मार्पलच्या डोळ्यांत खट्याळपणा नसतो, दया नसते. हिक्सन बघा म्हणजे कळेल.

वसईकर
फादर ब्राऊनच्या वाटेला जाऊ नका. बीबीसी ती दुपारी लावते, यातच सगळं आलं. मूळ कथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, यांनी १९५० च्या दशकात नेऊन ठेवल्या. आणि आमच्यासारख्यांना खटकतं ते फादरला दिलेलं जुनं दगडी चर्च. खेड्यातली मध्ययुगीन दगडी चर्चेस रिफॉर्मेशननंतर, म्हणजे इंग्लंड पोपपासून वेगळं झाल्यावर, अँग्लिकन झाली, कॅथलिक फादरकडे तसं चर्च येणार कुठून? चित्रीकरण कॉट्सवोल्ड्समधल्या ब्लॉकली गावात, तिथलं चर्चही अँग्लिकनच.

कोकणकन्या
ही माहिती छान. पण खून ४५ मिनिटांत सुटतो हे खरं ना?

वसईकर
सुटतो. तेच तर. इतक्या घाईत सुटू नये.

शेवंती_ठाणे
सगळ्यांचे आभार. आमच्या ओटीटीवर काय आहे ते बघितलं. आईला ब्रेटचा एक भाग दाखवला, म्हणाली अभिनय उत्तम, पण शेवट मला पाठ आहे. फॉयलमध्ये बॉम्बहल्ले आहेत कळल्यावर नको म्हणाली. मग फादर ब्राऊन लावली. ४५ मिनिटं, खून झाला तरी रक्त फारसं दाखवत नाहीत, आणि फादरची सेक्रेटरी मिसेस मॅकार्थी चर्चमध्ये सगळ्यांवर डाफरते ते तिला फार आवडलं. आता तीच चालू ठेवतेय. वसईकर, चर्चचं तिला सांगितलं. ती म्हणाली, फादर भला माणूस आहे, त्याला राहू दे तिथे.

वसईकर
आईंना आवडली ना, मग बोलणं संपलं. पण मिसेस मॅकार्थी पुढच्या सीझन्समध्ये नेहमी नसते, तेव्हा हिक्सनची मार्पल तयार ठेवा.

जुनाकोट
पॉयरोचे सुरुवातीचे बरेच भागही ५० मिनिटांचेच आहेत. एक तरी दाखवा.